चौकातला कॅमेरा : नजर कुणावर आणि किती?
तालुक्यातून बाजाराला, दवाखान्याला किंवा कोर्टाच्या कामाला सोलापुरात आलेला माणूस आता पोलिसांच्या सीसीटीव्हीत दिसतो. चोरी, अपघात किंवा पंढरपुरातली आषाढीची गर्दी असो, कॅमेऱ्याचा उपयोग होतोच. पण नजर कुणावर ठेवायची, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही.

इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींना इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं. गुन्हा नसला तरी जन्मानेच संशयित. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंटच आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. सरकारला त्यात हात घालायचा तर तीन गोष्टी लागतात : कायद्याचा आधार, योग्य कारण आणि गरजेपुरतीच कारवाई. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने पोलीस ठाण्यांतही कॅमेरे बंधनकारक केले, कोठडीतल्या माणसाच्या संरक्षणासाठी.

थोडक्यात, पाळत जागेवर आणि गुन्ह्यावर असावी, जातीवर नको.