हिरवळीत गाडलेला किल्ला

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरातली स्टोची बाग जिथे संपते, तिथे ना भिंत दिसते ना कुंपण. नजर थेट पलीकडच्या कुरणावर जाते, पण तिथली गुरं आत येत नाहीत. कारण मध्ये ‘हा-हा’ नावाचा खंदक आहे: बागेच्या अंगाला उभी बांधीव भिंत, समोर हळूहळू चढणारा गवती उतार आणि भिंतीचा माथा बरोबर हिरवळीच्या पातळीला. होरेस वॉलपोलने 1780च्या निबंधात याचं श्रेय स्टोचा उद्यानरचनाकार चार्ल्स ब्रिजमनला दिलं. ते टिकत नाही. 1709च्या द'आर्जानव्हीलच्या फ्रेंच ग्रंथात ही युक्ती आहे आणि त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 1712मध्येच निघालं. मग उगम फ्रेंच बागेत मानायचा का? माझ्या मते तिच्याही मागे जायला हवं, थेट किल्ल्यापर्यंत. फ्रेंच ग्रंथातला खंदक म्हणजे वाटेच्या टोकाला भिंतीत ठेवलेली एक फट. स्टोमध्ये मात्र खंदकच हद्द झाला आणि त्याच्या कोपऱ्यांवर टोकदार बुरूज आले. ही भाषा माळ्याची नाही, लष्करी अभियंत्याची आहे. मालक लॉर्ड कॉबम 1708च्या लीलच्या वेढ्यात लढला होता आणि तिथली तटबंदी फ्रेंच लष्करी अभियंता वोबाँची होती. स्टोचा वास्तुकार व्हॅनब्रू हाही एकेकाळचा लष्करी अधिकारी.

यावर रास्त आक्षेप असा, की किल्ल्याची भिंत बाहेरच्या शत्रूपासून लपवतात, हा-हाची आतल्या मालकापासून. मग नातं कसलं? पण तटावरच्या तोफेला समोरचं मैदान मोकळंच लागतं. पुढचा उतार गुळगुळीत ठेवायचा तो त्यासाठीच. आतून अडथळ्याविना पाहायचं आणि बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, ही गरज दोन्हीकडे एकच. तोफ गेली, नजर राहिली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: 1741मध्ये उद्यानरचनाकार ‘केपॅबिलिटी’ ब्राउन इथे आला, 1923मध्ये वाड्यात शाळा भरू लागली, बागा नॅशनल ट्रस्टकडे गेल्या. आज वाडा लग्नसमारंभांसाठी भाड्याने मिळतो. पाहुणे ज्या अखंड हिरवाईवर खूश होतात, तिला इंग्रजी निसर्गप्रेमाचं फळ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या श्रेयातला मोठा वाटा वेढ्यांच्या युद्धशास्त्राला द्यायला हवा.