नांदेड-लातूरचा प्रेक्षक: भुताचे पिक्चर आणि विनोदी मालिका

नांदेड आणि लातूर या मुलखात सिनेमा आला तो हैदराबादच्या वाटेने. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. राज्य गेले, पण चित्रपट वितरणाच्या धंद्यात निजामाची हद्द शिल्लक राहिली. हिंदी चित्रपटाचे व्यापारी मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्येच धरत आले. उर्दूतून शाळा शिकलेल्या पिढीला हिंदी संवाद कळायला अडचण नव्हती. त्यामुळे ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) यांतली पांढऱ्या साडीतली गूढ बाई इथल्या प्रेक्षकाच्या ओळखीची झाली. या चित्रपटांत भूत शेवटी भूत नसायचेच. माणसाचाच काहीतरी डाव निघायचा.

थिएटर तालुक्याच्या गावी. खेड्यातल्या माणसाला सिनेमा भेटायचा तो जत्रेत. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराशेजारी तमाशाचे फड उतरतात, आणि त्यांच्याच रांगेत एके काळी टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. खाली माती, मधे बाया-पुरुषांना वेगळे करणारा दोर किंवा पडदा, रीळ बदलताना अंधार आणि शिट्ट्या. पलीकडच्या राहुटीत गण, गवळण, बतावणी आणि वग एकाच तिकिटात मिळे. सोंगाड्या हसवायचा आणि त्याच वगात पुढे रडूही यायचे. भय एकीकडे आणि हसू दुसरीकडे अशी वाटणी या प्रेक्षकाने कधी मागितली नाही. भुताच्या पिक्चरबद्दलची इथली आवड समजून घ्यायची तर ही सवय आधी ध्यानात घ्यावी लागते.

रामसे बंधूंचा धंदा याच सवयीवर चालला. ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ मध्ये आला, ‘पुराना मंदिर’ १९८४ मध्ये, ‘वीराना’ १९८८ मध्ये. मोठे नट नाहीत, खर्च कमी, आणि गिऱ्हाईक मुख्यतः लहान शहरांतले. ‘पुराना मंदिर’मध्ये अजय अग्रवालचा उंचापुरा सैतान सामरी आहे, आणि त्याच चित्रपटात ‘शोले’ची टर उडवणारा जगदीपचा डाकूही आहे. शहरी समीक्षकांना ही भेसळ वाटली; तमाशा पाहिलेल्याला ती रीतच वाटणार. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहण्याच्या दिवसांत यातला एक हमखास भुताचा असे. अशा पिक्चरवरचा निवाडा थोडक्यात व्हायचा: भूत नीट दाखवले का, आणि हसायला काय होते. नुसत्या दाराच्या कुरकुरीवर तीन तास काढणारा पिक्चर म्हणजे पैसे पाण्यात.

सामरीसारख्या सैतानाला लोक हसू शकत होते याचे आणखी एक कारण आहे. इथली खरी भीती हवेलीत राहत नव्हती. ती होती भानामतीची. ओट्यावर दगड पडणे, पेटीतले कपडे आपोआप जळणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, बायांनी कुत्र्यासारखे भुंकणे: मराठवाड्यात आणि लगतच्या तेलंगण-कर्नाटकात अशा प्रकारांनी गावेच्या गावे हादरत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन ही प्रकरणे उकलली. बहुतेक ठिकाणी करणारे माणूस घरातलेच निघे, बरेचदा दडपलेले, गांजलेले. ज्या घरात करणीच्या संशयावरून भाऊबंदकी पेटली, त्या घराला रबरी मुखवटा काय भिववणार? आणि ही भीती पडद्यावर आणायचे रामसेंना काही सुचले नाही.

मराठी पडद्याने भुताला सरळ विनोदाच्या दावणीला बांधले. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) यात दिलीप प्रभावळकर आणि अशोक सराफ होते. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला लहान पोरांना रात्री झोपू देत नव्हता आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच दृश्यात मोठ्यांना हसवत होता. पुढे दूरचित्रवाणीवर हा चित्रपट इतक्यांदा लागला की दोन पिढ्यांना पाठ झाला.

दूरचित्रवाणी इकडे उशिरा पोचली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण सत्तरच्या दशकात पुणे-मुंबईकर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका पाहून हसत होते तेव्हा मराठवाड्यात प्रक्षेपण नव्हते. नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, केबल आली. १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, १९९५ मध्ये ‘आहट’; ‘हम पाँच’ही त्याच वर्षी. १९९९ मध्ये अल्फा मराठी निघाली आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घरोघर पोचले. टिपऱ्यांचे घर सर्वांना आवडले, पण ते घर शहरातल्या मध्यमवर्गाचे होते.

विनोदाबद्दलची इथली तक्रार बोलीपासून सुरू होते. मालिकेतला खेडूत बहुधा सातारा-कोल्हापूरकडचे बोलतो. ‘काय करायलास?’ हे नांदेडचे किंवा ‘करूलालाव’ हे लातूरचे रूप त्याच्या तोंडी जवळजवळ येतच नाही. अपवाद रंगभूमीने घडवला. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याच्या बोलीतले अख्खे गाव उभे केले, आणि कॅसेटमुळे तो प्रयोग न पाहिलेल्यांच्याही कानी पडला. पुढे मकरंद अनासपुरे यांनी हा लहेजा चित्रपटात चालवून दाखवला. ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४) आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८) यांनी प्रहसनाला पुन्हा जत्रेच्या जवळ आणले. त्यांचे तुकडे मोबाइलवर वेगळे काढून पाहता येतात, म्हणून भारनियमनाचाही अडथळा उरला नाही.

भुतांच्या बाबतीत मात्र मक्तेदारी कोकणाची. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) ही मालिका मालवणी वातावरणातली. तिच्यावर सिंधुदुर्गातून आक्षेप आले, ते कोकणाची बदनामी होते म्हणून. ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) हेही कोकणातलेच. नांदेड-लातूरकर हे सगळे आवडीने पाहतात, पण पाऊस, माड आणि कौलारू वाडा हे त्यांच्या भीतीचे सामान नव्हे. ‘मुंज्या’चेच दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांचा ‘काकुडा’ त्याच वर्षी आला. त्यात भूत पकडणाऱ्याचे काम लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातल्या रितेशने केले. भय आणि हसू दोन्ही एका तिकिटात, अगदी इकडच्या चवीचे. गाव मात्र उत्तर प्रदेशातले, मथुरा जिल्ह्यातले.