राजदूत ३५० घ्यावी का?

सेकंडहँड राजदूत ३५० बघायला गेलो आणि किक मारायच्या आधीच नजर पुढच्या चाकावर गेली. ड्रम ब्रेक! या गाडीचा अर्धा इतिहास तिथेच आहे बघा.

यामाहाने १९७३ साली आरडी ३५० काढली. ३४७ सीसी, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ३९ बीएचपी आणि पुढे डिस्क ब्रेक. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने ती 'राजदूत' नावाने भारतात आणली. पेट्रोल जरा कमी प्यावं म्हणून ताकद ३०.५ वर उतरवली, नंतरच्या 'लो टॉर्क' मॉडेलमध्ये तर २७ वर. डिस्क जाऊन ड्रम आला. पण एवढं काढून घेतल्यावरसुद्धा पिकअप असा की लोकांनी टोपणनाव ठेवलं 'रॅपिड डेथ'!

तरी ती खपली नाही. किंमत जास्त, अ‍ॅव्हरेज खिशाला न परवडणारं. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. हलकी, स्वस्त, चपळ. तरुण मंडळी तिकडे वळली आणि १९९० च्या सुमारास ३५० बंद झाली. तेव्हा गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आता आपण शोधत फिरतोय. गंमतच आहे.

गाडी घ्यायचा मोह आहेच. पण रोजच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची, तर आधी ब्रेक शूज आणि ऑइल पंप तपासणार. पंप बंद पडला की पिस्टन सीज झालाच समजा.

मालक म्हणाले, "एकदा पळवून तर बघा!"

म्हटलं, "काका, आधी थांबवून बघतो."