न्गानू, फ्रान्सिस

न्गानू, फ्रान्सिस : (५ सप्टेंबर १९८६– ). मिश्र युद्धकला (एमएमए) या खेळातील कॅमेरूनचा व्यावसायिक लढवय्या. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ (यूएफसी) या खेळातील सर्वांत बड्या संघटनेचे हेवीवेट विजेतेपद २०२१ ते २०२३ या काळात त्याच्याकडे होते. हा मान मिळविणारा तो पहिला आफ्रिकी. ठोसे, लाथा, कुस्तीचे पट आणि जमिनीवरच्या पकडी असे सगळेच चालणाऱ्या या खेळात हेवीवेटची मर्यादा २६५ पौंड, म्हणजे सुमारे १२० किग्रॅ. आहे; ६ फूट ४ इंच उंचीचा न्गानू या मर्यादेच्या आसपासच असे.

जन्म पश्चिम कॅमेरूनमधील बाटिये गावी. तो सहा वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले आणि पुढचे बालपण नातेवाइकांच्या आधाराने गेले. वडील मारामाऱ्यांसाठी बदनाम होते. त्यांच्याच वाटेने जायचे नाही, पण अंगातली रग मात्र कामी आणायची, असे त्याने मनाशी धरले. मुष्टियोद्धा माइक टायसन हा त्याचा आदर्श. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून तो वाळूच्या खाणीत राबत होता. फावड्याने वाळू उपसायची आणि ट्रक भरायचे. मुष्टियुद्धाचे धडे मात्र बाविसाव्या वर्षी, दुआला शहरात सुरू झाले. या खेळात हे वय सुरुवातीचे नव्हे.

२०१२ मध्ये त्याने देश सोडला. नायजेरिया, नायजर, सहारा, अल्जीरिया आणि मोरोक्को असा हा प्रवास. वाळवंटात मेलेली जनावरे पडलेल्या विहिरीचे पाणी प्यावे लागले आणि मोरोक्कोत रात्री बाजारातल्या उकिरड्यावर टोमॅटो शोधताना उंदराशी झोंबावे लागले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. मोरोक्कोतून स्पेनमध्ये शिरू पाहताना काटेरी तारांच्या कुंपणाने अंग फाडले. समुद्रातले अनेक प्रयत्न फसले आणि पकडलेल्यांना परत वाळवंटात नेऊन सोडले जाई. अखेर रबरी होडीतून तो स्पेनच्या हद्दीत पोहोचला. तेथे बेकायदा प्रवेशाबद्दल सुमारे दोन महिने कोठडी मिळाली. २०१३ च्या मध्यास तो पॅरिसला आला तेव्हा ना घर होते, ना ओळखीचे माणूस. झोपायचे ते वाहनतळात. एमएमए नावाचा खेळ असतो, हे त्याला पॅरिसमध्येच कळले. ‘एमएमए फॅक्टरी’ या तालमीचा प्रशिक्षक फर्नांद लोपेझ याने त्याला साहित्य दिले आणि तालमीतच झोपायची सोय केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पहिली व्यावसायिक लढत जिंकला.

डिसेंबर २०१५ मध्ये तो यूएफसीत दाखल झाला आणि समोर येईल त्याला लोळवू लागला. डिसेंबर २०१७ मध्ये डेट्रॉइट येथे अ‍ॅलिस्टर ओव्हरीमला लगावलेला, खालून हनुवटीखाली आलेला डावा ठोसा आजही पुन्हा पुन्हा दाखवला जातो. त्याच्या ठोशाची भरधाव मोटारीशी तुलना करणारी जाहिरातबाजीही याच काळातली; तिची किंमत जाहिरातीइतकीच धरावी. कारण पुढच्याच महिन्यात, २० जानेवारी २०१८ रोजी बॉस्टनला, विजेता स्टिपे मिओचिच याने ठोसे चुकवत आणि वारंवार पट काढून त्याला पाच फेऱ्या दमवले. तिन्ही पंचांनी ५०–४४ असा कौल दिला. त्या धक्क्यातून न सावरता तो जुलैत डेरिक लुईसविरुद्ध उभा राहिला. दोघेही हात राखून राहिल्याने ती लढत कमालीची कंटाळवाणी झाली, आणि न्गानू हरला.

त्यानंतरच्या चार लढती मिळून तीन मिनिटेही चालल्या नाहीत. कर्टिस ब्लेड्स ४५ सेकंदांत, केन व्हेलास्क्वेझ २६, ज्युनिअर दोस सांतोस ७१ आणि जाइर्झिन्हो रोझेनस्ट्राइक २० सेकंदांत. मात्र या काळात लास व्हेगासच्या तालमीत प्रशिक्षक एरिक निक्सिकच्या हाताखाली काय शिकणे चालले होते, ते एवढ्या छोट्या लढतींत दिसणे शक्यच नव्हते. ते २७ मार्च २०२१ रोजी, मिओचिचशी दुसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा दिसले. पहिल्या फेरीत मिओचिच पट काढायला खाली शिरला. न्गानूने पाय झटकन मागे टाकले, सगळा भार त्याच्या पाठीवर दिला आणि उलट त्याच्याच मागे गेला. पहिलवानाने करावे तसे हे झाले. दुसऱ्या फेरीत मिओचिच मार खाऊनही चालून आला, त्या क्षणी डाव्या हाताच्या ठोशाने तो पाय दुमडून कोसळला. ५२ व्या सेकंदाला लढत संपली. त्या वेळी कमारू उस्मान आणि इस्राएल अदेसान्या हे नायजेरियात जन्मलेले दोघेही इतर वजनगटांत यूएफसीचे विजेते होते; म्हणजे आफ्रिकेत जन्मलेले विजेते आता तीन झाले.

२२ जानेवारी २०२२ रोजी अ‍ॅनाहाइम येथे त्याने पॅरिसच्याच तालमीत घडलेल्या सिरिल गानविरुद्ध विजेतेपद राखले. गुडघ्याच्या अस्थिबंधांना दुखापत असताना, पहिल्या दोन फेऱ्या हातच्या गेल्यावर, त्याने चक्क कुस्ती धरली आणि गुणांवर जिंकला. या लढतीचे जाहीर मानधन ६ लाख डॉलर होते. पण यूएफसीशी करारावरून त्याचा जो वाद चालला होता, तो पैशाइतकाच अटींचा होता. लढवय्यांना आरोग्यविमा, स्वतःचे प्रायोजक घेण्याची मुभा, बैठकांत त्यांची बाजू मांडणारा प्रतिनिधी आणि मुष्टियुद्ध खेळण्याचे स्वातंत्र्य, अशा त्याच्या मागण्या होत्या. बोलणी फिसकटली. जानेवारी २०२३ मध्ये यूएफसीने त्याला मोकळे केले आणि पदही काढून घेतले. पिंजऱ्यात, म्हणजे या खेळाच्या जाळीबंद आखाड्यात, न हरता हेवीवेटचे पद सोडणारे फार थोडे. त्यांत त्याची गणना होते. मे महिन्यात त्याने ‘प्रोफेशनल फायटर्स लीग’शी (पीएफएल) करार केला. आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही किमान २० लाख डॉलर मिळावेत, ही अट त्याने त्यात घालून घेतली.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी रियाध येथे तो व्यावसायिक मुष्टियुद्धात पहिल्यांदा उतरला तो थेट हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्युरीसमोर. जाणकारांनी ही लढत तमाशात काढली होती. तिसऱ्या फेरीत डाव्या हुकने फ्युरी खाली बसला आणि हसणारे गप्प झाले. दहा फेऱ्यांनंतर पंचांत मतभेद होऊन निकाल फ्युरीकडे गेला. मार्च २०२४ मध्ये मुष्टियोद्धा अँथनी जोशुआने मात्र त्याला दुसऱ्याच फेरीत सपशेल झोपवले.

पुढच्याच महिन्यात त्याचा पंधरा महिन्यांचा मुलगा कोबे दगावला. १९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो रियाधलाच पुन्हा पिंजऱ्यात उतरला. समोर ६ फूट ८ इंचांचा ब्राझीलचा रेनान फेरेरा होता. न्गानूने त्याच्याशी ठोशांची देवाणघेवाण फार लांबवली नाही. पट काढून त्याला खाली घेतले आणि पहिल्याच फेरीत ३ मिनिटे ३२ सेकंदांना लढत संपवली. विजयानंतर तो बोलला ते कोबेविषयी.