दीड हजार गाद्यांचा हिशेब

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची इमारत उभी राहिली आणि तिच्यातलं व्याख्यानगृह लगेच कुचकामी ठरलं. वक्त्याने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात पुढची बारा-पंधरा अक्षरं बोलून झालेली असत आणि श्रोत्यांच्या कानी नुसता कालवा पडे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे लचांड भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात घातलं. घरच्या स्पीकरचा आवाज सुधारावा म्हणून आपण गालिचा अंथरतो, जाड पडदा लावतो, त्या उपायाला शास्त्राचा आधार मिळाला तो या खोलीत.

कापडाने घुमारा कमी होतो हे लोकांना आधीही ठाऊक होतं. किती कापडाने किती कमी होतो, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या मागून आणल्या. रस्त्यावरची वर्दळ थांबली की मध्यरात्रीनंतर काम सुरू होई. ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती बंद करायची आणि आवाज पार विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग काही गाद्या आणखी मांडायच्या आणि पुन्हा मोजायचं. रिकाम्या खोलीत ५.६२ सेकंद भरले. सगळ्या आसनांवर गाद्या आल्यावर आकडा २.०३ वर उतरला. वाटा, व्यासपीठ आणि मागची भिंतही झाकल्यावर तो १.१४ झाला. एकूण गाद्या होत्या दीड हजाराच्या आसपास.

प्रयोग करणाऱ्याच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात, हे ध्यानात आल्यावर सॅबिनने आधीची असंख्य मापनं रद्द केली आणि पुढे रोज तोच निळा हिवाळी कोट चढवून मोजमाप केलं. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. येतील ते घुमाऱ्याचे सेकंद. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच हिशेबाने बांधला गेला.

आपल्या दिवाणखान्यात टाइल्स, काच आणि उघड्या भिंती यांचं शोषण नगण्य असतं. समजा, खोली ३६ घनमीटरची आहे आणि त्यात शोषण आहे तीन चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं. मग घुमारा जवळजवळ दोन सेकंदांचा होतो. सोफा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट आणि पडदे मिळून शोषण बारावर गेलं की तो अर्ध्या सेकंदाच्या खाली येतो. कापड कुठे लावायचं ते आरसा सांगतो. आपण ऐकायच्या जागी बसावं आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावं. आरशात स्पीकर दिसेल ती जागा झाकायची.

खर्जापुढे मात्र गालिचा हात टेकतो. ५,००० हर्ट्‌झची लहर सात सेंटिमीटरांची असते, तर १०० हर्ट्‌झची साडेतीन मीटरांच्या जवळपास. एवढ्या लांब लहरीला बोटभर जाडीचं कापड अडवू शकत नाही. तिथे स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढणं जास्त उपयोगी पडतं, कारण कोपरा खर्ज फुगवतो.

कापड जास्त झालं तरी संगीत निर्जीव वाटतं. मग थांबायचं कुठे? १९०२ साली सॅबिनने न्यू इंग्लंड काँझर्व्हेटरीतल्या पियानोच्या पाच खोल्यांत जाणकार संगीतकारांना बसवलं आणि त्यांचं समाधान होईपर्यंत गाद्या वाढवल्या, काढल्या. सर्व खोल्यांची सरासरी १.०८ सेकंद आली आणि कोणतीही खोली तिच्यापासून फारशी दूर गेली नाही. रेकॉर्डिंगमध्ये मूळ सभागृहाचा घुमारा आधीच मिसळलेला असतो, म्हणून घरी याहून कमी पुरतो. पण पद्धत तीच ठेवावी: एकच ओळखीचं गाणं लावायचं, एका वेळी एकच वस्तू हलवायची आणि कौल कानाचा घ्यायचा. महागडी केबल घ्यायचा विचार त्यानंतर.