म्हाळसा : एका विरळ स्त्रीनामाची कथा

मल्हार, मार्तंड, खंडेराव, खंडू ही पुरुषनामे मराठी मुलखात घरोघर आढळतात. ती सारी एकाच कुलदैवताची नावे. मात्र त्या दैवताच्या डाव्या अंगास जी बसते, जिचा टाक त्याच्याबरोबर देवघरात पुजला जातो, तिचे ‘म्हाळसा’ हे नाव मुलीस ठेवल्याचे क्वचितच ऐकू येते. जे नाव तळीआरतीच्या वेळी सर्वांच्या मुखी असते, ते पाळण्यात मात्र का येऊ नये, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. गोव्यात देवीचे नाव ‘महालसा’ असेही लिहितात. ‘महिषी’पासून ‘म्हैस’ व्हावी, तसा आरंभीच्या ‘महा’चा उच्चार ‘म्हा’ झाला. आणि ‘फल’चे ‘फळ’ व्हावे, तसा ‘ल’चा ‘ळ’ झाला. संस्कृत ‘लस्’ धातूचा अर्थ झळकणे, शोभणे असा आहे. त्यावरून ‘अतिशय तेजस्विनी’ असा या नावाचा अर्थ लावला जातो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस प्रवरातीरावरील नेवासे क्षेत्राचा गौरव करताना ज्ञानदेवांनी ‘महालया’ या दैवताचा उल्लेख केला आहे. ते दैवत म्हणजे म्हाळसाच, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. तेव्हा या नावाचा वारसा सातशे वर्षांहून अधिक जुना ठरतो.

नेवाशास हे दैवत मोहिनीराज या रूपाने नांदते. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटले ते याच ठिकाणी, अशी श्रद्धा आहे. तेथील सुंदर देवालय अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. लोककथेतील म्हाळसाही नेवाशाचीच; तिम्मशेठ नावाच्या लिंगायत वाण्याची लेक. खंडोबाने तिला वरले आणि ती जेजुरीस आली. सातारा जिल्ह्यातील पाली येथे पौषात हा विवाहसोहळा आजही थाटाने होतो. जेजुरीकडे तिला पार्वतीचा अवतार मानतात, तर गोमंतकात ती विष्णूचे मोहिनीरूप, ‘नारायणी’ म्हणून पूजिली जाते. तेथे तिच्या चार हातांत त्रिशूळ, खड्ग, मुंड व पानपात्र असून गळ्यात जानवे असते. एकाच नावाखाली शैव व वैष्णव असे दोन प्रवाह एकत्र आले आहेत.

गोव्यातील म्हाळसेचे मूळ स्थान साष्टीतील वेर्णे. १५६७ साली पोर्तुगीज अंमलात साष्टीतील देवालयांचा विध्वंस झाला. त्या धामधुमीच्या काळात भाविकांनी मूर्ती झुआरीपलीकडे अंत्रुज महालात, प्रियोळ गावी नेली. वेर्ण्यातील देवीच्या परिसराचे ‘म्हार्दोळ’ हे नावही तिच्याबरोबर गेले. घरदार सोडताना लोकांनी देवीबरोबर गावाचे नावही जतन केले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

आता स्त्रियांच्या नावांकडे वळू. जिजाबाईंच्या मातोश्री, सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या पत्नी, यांचे नाव परंपरेने म्हाळसाबाई असे सांगतात. गिरिजाबाई असेही नाव सांगितले जाते. इतक्या थोर घराण्यातील स्त्रीचे नावही एकमुखाने हाती लागू नये, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. लग्नात मुलीचे नाव बदलावयाचे, ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहावयाचे, आणि पुढे कागदोपत्री ‘अमकी कोम अमका’ एवढीच तिची नोंद व्हावयाची. जन्मनाव मागे राहावयाचे ते माहेरच्यांच्या आठवणीत.

होळकरांचे घराणे पाहा. मल्हारराव आणि त्यांचे पुत्र खंडेराव, दोघांचीही नावे कुलदैवताची. खंडेराव व अहल्याबाई यांच्या कन्येचे नाव मात्र मुक्ताबाई. लोकगीतांनीही या नावास थोडा अडसर घातला असावा, असे आम्हांस वाटते. वाघ्यामुरळींच्या गाण्यांत बाणाई सवत होऊन आल्यावर रुसणारी, भांडणारी म्हाळसा सर्वांना ठाऊक. लेकीच्या नशिबी सवत येऊ नये म्हणून आईबापांनी हे नाव टाळले असल्यास त्यांना दोष कोण देईल? पुढे विसाव्या शतकात कोमल, सुबोध नावांची आवड वाढली आणि ‘म्हाळसा’ हे जुनाट वाटू लागले.

२०१४ ते २०१७ या काळात दूरचित्रवाणीवर ‘जय मल्हार’ ही मालिका घरोघर पाहिली गेली. म्हाळसा त्या कथेची नायिका. परंतु मालिकेचे नाव पतीचेच. मल्हार नावाची मुले आज शहरांतूनही भेटतात. म्हाळसा मात्र पुरुषाच्याच नावात, ‘म्हाळसाकांत’ या समासात, नाहीतर निफाड तालुक्यातील म्हाळसाकोरे या गावाच्या नावात राहिली आहे.

वेर्णे सोडणाऱ्यांनी संकटात जे नाव सांभाळले, ते आपण सुखाच्या दिवसांत विसरत आहो. देवघरातील टाकावर ती खंडोबाबरोबर एकाच घोड्यावर बसलेली असते. बारशाच्या दिवशी त्याचे नाव आठवते, तसे तिचेही आठवावयास काय हरकत आहे? सवतीचे भय आता उरलेले नाही. आणि ‘तेजस्विनी’ हे नाव ज्यांना आवडते, त्यांना त्याच अर्थाचे हे जुने, खास आपल्या मातीतले नाव परके वाटण्याचे कारण नाही.