डब्यातल्या गोळ्या आणि परळची गोष्ट

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक झाल्यावर आम्ही एका घरी चहाला थांबलो होतो. साखरेचा डबा काढताना मागून रक्तवाढीच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या निघाल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. घरातली सून सहा महिन्यांची गरोदर. सासूबाई म्हणाल्या, "गोळीनं मळमळतं, शी काळी होते. आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या? झालीच ना आमची बाळंतपणं?"

आम्ही तिथं वाद घातला नाही. पण ही गोळी कुणाच्या दुखण्यातून जन्मली, ते सगळ्यांना सांगावं असं वाटलं.

गोष्ट मुंबईची, १९२८ सालची. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत तेव्हा हजारो बाया राबत होत्या. गरोदरपणात त्यांतल्या कितीतरी जणी पांढऱ्याफटक पडायच्या, दम लागायचा, काही बाळंतपणात जायच्या. याचं कारण शोधायला इंग्लंडहून डॉ. ल्युसी विल्स नावाच्या बाई आल्या. वय चाळीस. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं.

आधी त्यांनी बायांचं रोजचं खाणं पाहिलं. जिथं ताट गरिबाचं, भाजी-फळं नावाला, तिथं हा आजार जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं तर आणखी एक गोष्ट होती. अंगात लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायांच्या पेशी मात्र मोठ्या होत्या आणि नीट पिकलेल्याच नव्हत्या. म्हणजे लोहाशिवाय आणखी काहीतरी कमी पडत होतं.

विल्सबाईंनी आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट लगदा. इंग्रज लोक तो पावाला लावून खात. माकड सुधारलं. मग गरोदर बायांना दिलं, त्यांचंही रक्त भरलं. १९३१ साली त्यांनी हे छापून जगापुढे मांडलं. त्या अनोळखी गुणकारी वस्तूला 'विल्स घटक' असं नाव पडलं.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तसाच पदार्थ वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचं नाव फॉलिक ॲसिड. पुढं १९४५ मध्ये तो कारखान्यात तयार करता आला. त्या कामामागे आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

इथून गोष्ट रक्ताच्या कर्करोगाकडे वळते. या रोगात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना दिसलं, की फॉलिक ॲसिड दिल्यावर या मुलांचा आजार उलट भडकतो. मग विचार आला, की या पेशींचं हे खाद्यच तोडलं तर? सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक ॲसिडला अडवणारं औषध बनवलं. १९४८ साली फार्बर यांनी लिहिलं, की १६ मुलांपैकी १० जणांना काही काळ आराम पडला. तोवर या रोगावर काहीच चालत नव्हतं. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. ज्या परळमध्ये विल्सबाईंनी काम केलं, तिथंच १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभं आहे.

आता आपल्याकडे या. अंकुशनगरला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या थंडीत बाया मोळ्या वाहतात. पोटात बाळ असलं तरी कोयता थांबत नाही. गिरणी गेली, फड आला, दमणं तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. गरोदर बाईला सरकारकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. शी काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. लिंबू चालतं.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर रक्त कमी, ७ च्या खाली गेलं तर दवाखाना लगेच. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर सिकलसेल, थॅलेसेमिया अशा आईबापाकडून येणाऱ्या आजारांची तपासणी करून घ्या. फिकटपणासोबत न हटणारा ताप, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, मानेत-काखेत गाठी दिसल्या, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. प्रत्येक वेळी कर्करोगच असतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

सासूबाईंना आम्ही नंतर एवढंच म्हणालो, "तुम्ही सुखरूप सुटलात म्हणून आज सांगताय. ज्या बाळंतपणात गेल्या, त्या सांगायला राहिल्याच नाहीत." त्या गप्प बसल्या. मग त्यांनी स्वतःच आपल्या जावेचं नाव काढलं.

आमच्या गटानं आता बचतीच्या वहीत एक रकाना वाढवलाय. हप्त्याशेजारी हिमोग्लोबिनचा आकडा. पुढच्या बैठकीला तुमच्याही वहीत तो आखा, आणि घरी गेल्यावर साखरेच्या डब्यामागे एकदा बघा.